मॅट्रिकनंतरचा ढोल

आमच्या घरात कुणी काही आपणहून आणून दिलं, की दादांचा चेहरा बदलायचा. दादा म्हणजे माझे वडील. दुष्काळात शेजारच्या कुणी पसाभर तांदूळ आणला तरी ते आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे आणि मग तांदळाकडं. तो माणूस गेला की विचारायचे, "काय काम हाय म्हनं त्याचं?" माय चिडायची. "काम नसंल बी. मानूस हाय, दिलं." दादा म्हणायचे, "मानूस हाय म्हनूनच इचारतो." ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं जगवायची, पावसाळ्यात चाऱ्या मोकळ्या करायच्या. सरकारी पगार होता, त्यामुळं वस्तीत आमचं घर बरं म्हणायचं. पण संशय हे आमच्या घराचं खरं कोठार होतं, आणि ते कधी रिकामं झालं नाही. मला तो वारशातच मिळाला. पुढं दवाखान्यात नोकरी करताना एखाद्या डॉक्टरनं माझं कौतुक केलं, तरी आज ड्यूटी जास्त लावणार की काय, असंच आधी मनात यायचं.

आमचं घर लोहाऱ्याच्या कडेला, बुद्धवाड्यात. मातीच्या भिंती, वर पत्रे, दारात एक कडुनिंब. घरात एका गोष्टीला सक्त मनाई होती. परातीवर, डब्यावर, दारावर, कशावरही बोटं वाजवायची नाहीत. लहान मुलं वाजवतातच, पण माझी बोटं डब्यावर पडली की दादा तिथूनच म्हणायचे, "हात आवर." ते का, हे मायनं मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. माझा आजा पाटलाच्या दारात हलगी वाजवायचा. लग्न असो, पोळा असो, कुणाचं मयत असो, सांगावा आला की पुढ्यातलं ताट सोडून उठायचं. वाजवून झालं की ओट्याच्या खाली उभं राहायचं, आणि वरून टाकतील ते पदरात घ्यायचं. दादाही लहानपणी त्याच्यासोबत वाजवत. त्यांचा हात आज्यापेक्षा चांगला होता म्हणे. आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्या साली दादांनी ती हलगी जुन्या आडात टाकली. ती पाण्यावर तरंगायला लागली. मग त्यांनी दोरानं ओढून वर काढली, दगड बांधला आणि पुन्हा टाकली. हे सांगताना मायला हसू आवरत नव्हतं. दादांसमोर मात्र ती हे कधी बोलली नाही.

मी हायस्कुलात वरच्या वर्गांत होते तेव्हा तो मोठा दुष्काळ पडला. त्याच्या आठवणी सगळ्यांकडं सारख्याच आहेत, त्यामुळं फार सांगत नाही. रेशनवरच्या मिलोची, परदेशी ज्वारीची, लाल भाकरी होती. ती तव्यावर असेपर्यंत भाकरी असायची, ताटात आली की वीट व्हायची, आणि तिला एक ओला वास यायचा तो कशानंही जायचा नाही. गावाबाहेर खडी फोडायची कामं निघाली होती. सकाळपासून हातोड्यांचा आवाज यायचा, आणि दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटायची वेळ झाली की तो एकदम थांबायचा. वरच्या वर्गांतली निम्मी मुलं त्या कामावर गेली. काही आईबापांबरोबर पुण्या-मुंबईकडं गेली. वर्गात बाकडी मोकळी पडली, आणि त्यातच आमच्या शाळेला बँड मिळाला.

बँड दिला संस्थेच्या अध्यक्षांनी. हेच गृहस्थ होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते, त्यामुळं सगळे त्यांना चेअरमनसाहेबच म्हणायचे. एक मोठा ढोल, चार छोटे ड्रम, झांजांच्या जोड्या, बासऱ्या आणि एक पितळी बिगुल. मोठ्या ढोलाच्या लाकडावर चेअरमनसाहेबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव लाल रंगात रंगवलेलं होतं. वाजवायला शिकवणार होते कवायतीचे शेखसर. उंच, काटकुळे, गालफडं बसलेली. बोलायचे कमी. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होती, पण जवळच्या माणसाशी बोलताना मधेच दखनी उर्दू यायची. बिगुल भानुदासकडं गेला, तो माझ्याच वर्गातला, तेल्याचा मुलगा. मोठा ढोल ज्या दोन मुलांना दिला होता ती दोघंही खडीच्या कामाला गेली. मग एका दुपारी सरांनी उरलेल्या सगळ्यांना, मुलींनासुद्धा, रांगेत उभं करून एकेकाच्या गळ्यात ढोल अडकवला. माझ्या गळ्यात आला तेव्हा त्याचा पट्टा मानेत रुतला आणि मला पुढचं दिसेनासं झालं. मी काठी उचलली आणि वाजवलं. सरांनी मला मैदानाला एक फेरी मारायला लावली, मग दुसरी. मग ढोल माझ्या गळ्यातून काढला नाही.

मी घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढून उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दादा कामावरून परस्पर शाळेत आले. खांद्यावर फावडं तसंच होतं. शेखसर मैदानावर होते आणि मी ढोल घेऊन उभी होते, म्हणून ते बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

"सर, एक इचारायचं व्हतं. ढोलाला माजीच पोरगी का?"

"तिचा ठेका चुकत नाही."

"आमच्या लोकांचा ठेका चुकतच न्हाई, आसं तर म्हनायचं न्हाई ना तुमाला?"

सर म्हणाले, "बाकीच्यांचा चुकतो, म्हणून हिला दिला. यापलीकडं माझ्याकडं उत्तर नाही. नको असेल तर आत्ता काढून घेतो."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली, पण काठी सोडली नाही. ते म्हणाले, "झेंड्याम्होरं वाजवंल. कुनाच्या दारात वाजवनार न्हाई."

"कबूल," सर म्हणाले. "जबान दिली."

घरी येताना वाटेत दादा म्हणाले, "लई लवकर कबूल झाला."

पुढची दोन वर्षं मी तो ढोल वाजवला. त्या वर्षांविषयी लिहायला बसले की आजही डावा खांदा आपोआप वर उचलला जातो. झेंडावंदनाच्या सकाळी गावातून प्रभातफेरी निघायची. भानुदासचा बिगुल वाजला की चावडीजवळची कुत्री विव्हळायला लागायची. त्याच्या मागून माझा पहिला ठोका पडायचा, आणि तो आधी पोटात वाजायचा, मग कानात. माझ्या ठोक्यावर सगळ्यांची पावलं पडतात, हे मला उशिरा कळलं. मुख्याध्यापकांची, मॉनिटरची, पाटलांच्या नातवाची, सगळ्यांची. ते कळलं त्या दिवशी मी घाबरले, आणि मग मला ते फार आवडायला लागलं. पण त्या आनंदालाही आमच्या घरचा डाग होताच. एकदा पारावर बसलेल्या कुणीतरी विचारलेलं मी ऐकलं, "ढोल वाजवती ती कुनाची रं?" दुसरा म्हणाला, "वाजवनाऱ्याचीच की." दोघंही सहज बोलले होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. त्यानंतर मी शेखसरांच्या प्रत्येक शाबासकीकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. माझा ठेका पक्का म्हणून हे मला निवडतात, की मी त्या वस्तीतली म्हणून? विचारायची हिंमत नव्हती. ते पट्टा घट्ट करायला जवळ आले की मी त्यांच्या डोळ्यांत काही सापडतं का बघायची. काही सापडायचं नाही. न सापडण्याचाही मी संशयच घ्यायची.

मॅट्रिक झाले. पास झाले. आमच्या वस्तीतून मॅट्रिक पास झालेली पहिली मुलगी मी. मला शिक्षिका व्हायचं होतं. जवळचं अध्यापक विद्यालय त्याच संस्थेचं होतं आणि तिथं अर्ज केला होता, म्हणजे पुन्हा चेअरमनसाहेबांच्याच दारात. शाळा सुटली तसा ढोलही सुटला होता. त्या वर्षीही पाऊस हात आखडून होता, आणि मी मायबरोबर टँकरच्या रांगेत घागरी लावत बसायची.

तिथंच भानुदास सायकलवरून आला. "सरांनी बोलवलंय. कारखान्याची पायाभरनी हाय. नव्या पोरांना मोठा ढोल पेलत न्हाई. जुन्या पोरांनी यावं म्हनून चेअरमनसायबांचा निरोप हाय. पांढरा डरेस घालून ये."

संध्याकाळी दादांना सांगितलं. ते पाय धूत होते. "कारखाना कशाचा?"

"साखरंचा, दादा. तुमाला ठाव हाय की."

"प्यायला पानी न्हाई. ऊस काय थुकीवर आननार हायेत?" मग जरा थांबून म्हणाले, "आन तुजं नाव आजून लागलं न्हाई न्हवं त्यांच्या कालिजात? आत्ताच बरं बोलवनं आलं."

मायला वाटलं, ते नको म्हणतील. पण ते म्हणाले, "जा. मी बी येतो. सुट्टी टाकतो."

सकाळी शाळेपुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. नव्या-जुन्या मुलांत दादा एकटेच मोठे. डोक्याला पटका, मांडीवर भाकरीचं गठुडं. पोरं गाणी म्हणत होती. शेखसर ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर बसले होते. दादा सबंध वाटभर त्यांच्या पाठीकडं बघत होते. पाच-सहा कोस गेल्यावर एक फाटा येतो. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथं आता माझ्या ओळखीची चांगली माणसं राहतात. कारखान्याचा माळ फाट्याच्या डावीकडं, हे सगळ्यांना माहीत होतं. ट्रॅक्टर उजवीकडं गावात वळला.

"माळ तर मागं ऱ्हायला," दादा म्हणाले.

वेशीपासूनच केळीचे खांब लावलेले होते. बुंदीचा वास येत होता. मुख्य रस्त्यावर एका मोठ्या घरापुढं मांडव होता, आणि दोन गडी टँकरच्या नळीनं रस्त्यावर पाणी मारत होते, धूळ बसावी म्हणून. ट्रॉलीतल्या पोरांचं गाणं थांबलं. सगळी त्या पाण्याकडं बघत होती. एक घागर भरायला आम्ही किती वेळ बसायचो ते आम्हालाच माहीत. आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळापाशी ट्रॉली थांबली, तिथं झूल घातलेला घोडा उभा होता. त्याच्यावर नवरदेव होता.

चेअरमनसाहेबांच्या मुलाचं लग्न होतं. त्यांचा चिटणीस पुढं आला. गोड बोलणारा माणूस. "या सर, या. आधी नवरदेवाला मांडवापर्यंत आणा वाजवत. मग जेवणं करा पोटभर. साईटवर चारच्या सुमाराला जाऊ, तिथं नारळ फोडायचाच आहे."

"निरोप पायाभरणीचा होता," सर म्हणाले.

"दोन्ही एकाच दिवशी आहे, त्यात काय एवढं?" चिटणीस हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ढोलावर नाव कुणाचं आहे, सर? घरचंच कार्य आहे."

दादा ट्रॉलीतून उतरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. त्यांनी शेखसरांकडं बघितलं आणि नजर तिथंच ठेवली. सर जमिनीकडं बघत होते. त्या वेळी मला खात्री झाली की ह्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. जबान दिली तेव्हाही ठाऊक असणार, दोन वर्षं मला ह्याच दिवसासाठी तयार केलं असणार. आज हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा त्याच्याइतकं खरं दुसरं काही नव्हतं. आणि दुसरीकडं मनात तो अर्ज होता. नाही म्हटलं तर मास्तरीण होणं संपलं, हेही मला कळत होतं.

सरांनी शिट्टी वाजवली. "सावधान." पोरं रांगेत आली. रस्ता अरुंद, म्हणून दोन-दोनच्या जोड्या. पुढं भानुदास आणि मी. सर माझ्या पट्ट्याची कडी घट्ट करायला वाकले आणि हळूच म्हणाले, "बेटा, नजर समोर. मी थम म्हणेपर्यंत थांबायचं नाही." मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. ते डाव्या अंगाला उभे राहिले, दादा उजव्या अंगाला घरांच्या कडेनं. "तेज चल."

बिगुल वाजला. मी पहिला ठोका दिला. मागं घोडा निघाला, त्याच्यामागं फेटेवाले पाहुणे. रस्ता ओला होता, आणि आमच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना चिखल लागत होता. गच्चीवरच्या बायका अक्षता घेऊन वाकल्या होत्या. मांडवाची कमान उजव्या हाताला जवळ आली. चिटणीस कमानीत उभा राहून आत या, आत या, असं हातानं दाखवत होता. मी सरांच्या 'दाहिने मुड'ची, उजवीकडं वळायच्या हुकमाची, वाट बघत होते. एक पाऊल, दुसरं पाऊल. आवाज आला नाही. मी समोर बघत होते. कमान डोळ्यांच्या कडेला आली आणि मागं गेली. मी चालत राहिले, भानुदासनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोही चालत राहिला. मागची पोरं माझ्या ठोक्यावर होती, ती आली. घोडा मांडवापाशी थांबला. मागून हाका ऐकू आल्या, "अहो सर, सर, इकडं." मग चिटणीस पळत आला, थोडा वेळ आमच्याबरोबर पळाला आणि दम लागून मागं पडला. आम्ही वाजवत, आलो त्याच वेशीतून गावाबाहेर पडलो. शेवटची घरं संपली, ओला रस्ता संपला, धूळ सुरू झाली. कुणी ऐकायला नव्हतं, नुसती काळी भेगाळलेली रानं, आणि आम्ही वाजवत होतो. मी कडेला बघितलं. दादा गठुडं काखेत मारून चालत होते आणि त्यांची पावलं ठोक्यावर पडत होती.

फाट्यावर सर म्हणाले, "थम." इतकी शांतता झाली की एका लहान पोराला रडू फुटलं. आम्ही बाभळीखाली बसलो. दादांनी गठुडं सोडलं, भाकरी आणि लाल तिखट सगळ्यांना तुकडा तुकडा वाटलं. शेवटचा तुकडा सरांपुढं धरला आणि विचारलं, "सर, तुमाला आदी ठाव व्हतं का?"

"नव्हतं म्हटलं तर पटेल तुम्हाला?"

"न्हाय."

"मग विचारता कशाला?" सर म्हणाले, आणि त्यांनी तो तुकडा खाल्ला.

एका खडीच्या ट्रकनं आम्हाला परत आणलं. आठ दिवसांत संस्थेचा माणूस येऊन ढोल घेऊन गेला. शेखसरांची बदली संस्थेच्या लांबच्या एका शाळेत झाली, तिथं जायला धड एसटीही नव्हती. माझं नाव अध्यापक विद्यालयात लागलं नाही. दादा म्हणाले, "त्यांचं दार सोडून बी दारं हायेत," आणि मला सोलापूरला नर्सिंगला घालून आले. गावात त्या दिवसाच्या तीन-चार कहाण्या झाल्या. कुणी म्हणे सरांचं चेअरमनसाहेबांशी आधीपासून बिनसलं होतं, त्यांनी सूड उगवला. कुणी म्हणे दादांनीच सरांना दम दिला होता. मला ह्या सगळ्या थोड्या थोड्या खऱ्या वाटायच्या. सरांनी एका पोरीला दिलेल्या शब्दासाठी एवढं करावं, ही एकच कहाणी मला खरी वाटत नव्हती. फुकट कोण काय देतं?

बऱ्याच वर्षांनी माझी बदली येडशीच्या बाजूला झाली होती. एका दुपारी स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. बाकड्यावर शेखसर बसलेले दिसले. म्हातारे झाले होते, हातात औषधांची पिशवी. कुर्डुवाडीला मुलीकडं निघाले होते. मी पाया पडले, नाव सांगितलं. ते म्हणाले, "मोठा ढोल." आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही आम्हाला मांडवावरून सरळ का नेलं?"

"मी नेलं?" ते हसले. "अगं, मी हात वर करून वळायची खूण केली होती. दोन मिनिटं वाजवू, मग माळावर जाऊ, असा हिशेब होता. माझी नोकरी होती, घरात चार पोरं. तू वळलीच नाहीस. ढोल पुढं गेल्यावर कवायतमास्तरनं काय करायचं? सोबत चालायचं."

गाडी आली. मी त्यांची पिशवी आत ठेवली. खिडकीतून ते म्हणाले, "सगळा तुझाच पराक्रम होता, मालन. लोकांना सांग."

मी किती दिवस ते मनात घोळवत होते. अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती. त्या माणसाची बदली माझ्या न बघण्यामुळं झाली होती की काय? सुट्टीला लोहाऱ्याला गेले तेव्हा दादांना सांगितलं. ते निवृत्त होऊन कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले असायचे. डोळे अधू झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लबाड बोलला त्यो," दादा म्हणाले.

"कशावरनं?"

"मी वाजवनं ऐकायला आलो न्हवतो. त्याच्या हातावर नजर ठिऊन व्हतो. म्हनलं, ह्यानं हात उचलला की तुला धरून भायेर काढायची. कमान आली, कमान गेली." दादांनी आपला उजवा हात मांडीजवळ सरळ ताठ धरून दाखवला. "हात हितं व्हता. आसा. थरथरत व्हता, पन वर गेला न्हाई."